एक तास दहा मिनिटांवरचं स्थळ

“एकाहत्तर!” एल्सी ओरडली.

ती तशी प्रेमळ बाई, पण आवाज असा की बाहेर बांधलेली कुत्री भुंकायला लागायची. फोर्ट एल्स्बीचा विमानतळ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिथे तिकिटं बघणं, सामान चढवणं आणि प्रवाशांना वजनकाट्यावर उभं करणं ही सगळी कामं एल्सीच करायची. विमान नऊ जणांचं, त्यामुळे माणसाला गुळाच्या ढेपेसारखं तोलल्याशिवाय आत घेत नसत. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांतल्या निम्म्या लोकांच्या दाढा मी काढलेल्या होत्या, आणि त्यांना तरी हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

“सामानासकट आहे ते,” मी म्हटलं.

“सामान अजून खालीच आहे, डॉक्टर. आणा ते आता.”

सामान म्हणजे एक पिशवी आणि कांदेपोह्यांचा डबा. डब्याचंही वजन झालं, आणि तेही तिने ओरडूनच सांगितलं.

आता हे मला एवढं का झोंबलं ते सांगते. माझ्या बायोडेटात वजन चोपन्न किलो लिहिलं होतं. मी लिहिलं नव्हतं, माझ्या इंदूआत्याने लिहिलं होतं. आणि त्या दिवशी मी ज्याला बघायला निघाले होते त्याने तो बायोडेटा वाचलेला होता.

मी वैजयंती देशिंगकर, मिरजेची, दातांची डॉक्टर. चौदा वर्षांपूर्वी कॅनडाच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, फोर्ट एल्स्बी नावाच्या गावात सरकारी दवाखान्यात होते. वय एकतीस. काम भरपूर, लोक चांगले, पण दातांच्या डॉक्टरचं एक दुःख असतं. दिवसभर आपण बोलतो आणि समोरचा नुसता ‘आ’ करून बसतो. घरी आलं की भिंती. सात महिने मी मराठीत कुणाशी समोरासमोर भांडले नव्हते. लग्न-बिग्न ठीक आहे हो, मला मराठीत भांडायला एक माणूस हवं होतं.

आणि असं माणूस आत्यानेच शोधून काढलं, मिरजेत बसून. कराडच्या राजोपाध्यांचा हेरंब. पत्रिका जुळली, आणि मुलगा कुठे, तर केप डनिंगला! म्हणजे आमच्याच अंगाला, समुद्रकाठी. आत्याने शेजारच्या कॉम्प्युटरवाल्या मुलीकडून दोन्ही गावांमधलं अंतर काढून घेतलं आणि मला फोन केला.

“वैजे, अगं चारशे किलोमीटर. विमानाने एक तास दहा मिनिटं! मिरज-कोल्हापूर पॅसेंजरला याहून जास्त लागतात.”

“आत्या, इथली विमानं पॅसेंजरसारखी नसतात.”

“मग काय, एक्स्प्रेस म्हण. सकाळी जायचं, मुलगा बघायचा, पोहे द्यायचे, दुपारी परत. त्याला म्हणे रजा मिळत नाही, म्हणून तू जायचंस. त्याची आई कुरकुरत होती मुलगी काय येते म्हणून, पण मी गप्प केलं. परदेशात चालतं म्हटलं.”

आत्याच्या दोन अटी होत्या. पहिली, पौष लागायच्या आत बघणं उरकायचं. पौषात आमच्याकडे सोयरीक बोलत नाहीत. तोवर नाही जमलं, तर मी मुकाट्याने सुट्टी टाकून मिरजेला यायचं आणि सॅन होजेचा जो मुलगा जानेवारीत येणार होता त्याला होकार द्यायचा. त्याचा फोटो मी बघितला होता. तो नव्या गाडीवर हात ठेवून असा उभा होता, की लग्न गाडीशीच झालेलं असावं.

दुसरी अट दिवेलागणीच्या आत बघण्याची.

“तिन्हीसांजेनंतर बघायचा कार्यक्रम करत नाहीत,” आत्या म्हणाली. “तुमच्याकडे सूर्य किती वाजता मावळतो?”

“नोव्हेंबरच्या शेवटी मावळला, आत्या.”

“तारीख नाही गं, वेळ विचारतेय.”

“अगं, तो एकदाच मावळतो. आता जानेवारीत उगवेल.”

आत्या म्हणाली, “ढगाळ असेल. तू जा.”

तर अशी मी त्या डिसेंबरातल्या शुक्रवारी, भर दुपारी काळोखात, पोह्यांचा डबा घेऊन एकाहत्तर किलोंनिशी बसले होते. तासाभराने एल्सीने कागद हातात घेऊन जाहीर केलं, “केप डनिंगला ढग खाली आलेत. विमान रद्द. घरी जा.”

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. पुन्हा काटा, पुन्हा “एकाहत्तर!”, पुन्हा ढग. या वेळी मात्र एल्सी कागद वाचताना गालातल्या गालात हसत होती.

“पुन्हा एच. आर.,” ती म्हणाली.

“कोण एच. आर.?”

“केप डनिंगचा हवामान बघणारा. दर तासाला बाहेर येऊन आभाळ बघतो आणि ढग किती उंचीवर आहेत ते कळवतो. त्याने सांगितलं की उतरा, तरच आमचं विमान जातं. सगळे त्याला हॅरी म्हणतात. तुमचाच तो, डॉक्टर!”

“माझा कोण?”

“ज्याला बघायला निघालाय तो. गावाला माहीत आहे सगळं.”

माझ्या पायांखालची जमीन सरकली म्हणणार होते, पण तिथे जमीन बारा महिने गोठलेली, सरकते कुठली! मी तशीच उभी राहिले. बायोडेटात ‘विमानतळावर नोकरी’ एवढंच लिहिलेलं होतं. म्हणजे गेले दोन शुक्रवार माझं विमान दुसरं कुणी नाही, नवरामुलगाच रद्द करत होता!

आत्याला सांगितलं तर ती उसळली. “टाळतोय! सरळ दिसतंय! दुसरीकडे कुठे तरी असणार त्याचं. एखादी एस्किमो-बिस्किमो!”

“आत्या, असं म्हणत नाहीत इथे.”

“मग काय म्हणतात ते तू बघ. पण टाळतोय तो.”

आत्याचा नियम होता, आधी बघणं मग बोलणं. तो मी मोडला. रात्रभर राग गिळून सकाळी थेट केप डनिंगच्या विमानतळावर फोन लावला.

“केप डनिंग रेडिओ,” आवाज आला. इंग्रजी अस्सल कराडी.

“मी फोर्ट एल्स्बीहून वैजयंती देशिंगकर.”

काही तरी खाली पडलं. बहुतेक चहा.

“हां. नमस्कार. बोला ना.”

“तुम्ही माझं विमान दोनदा रद्द केलंत.”

“मी नाही हो. ढगांनी केलं.”

“ढगांची उंची तुम्हीच लिहिता ना? मग जरा वर लिहायला काय जातं तुमचं?”

“माझं काही जात नाही,” तो सावकाश म्हणाला. “विमानातल्यांचं जातं.”

असलं सरळ उत्तर आलं की मला अधिक राग येतो. “बरं, आता येत्या शुक्रवारी अमावास्या आहे,” मी म्हटलं. “शनिवारी पौष लागतो. माहीत आहे ना?”

“आई रोज फोन करून सांगते.”

“मग शुक्रवारी आभाळ मोकळं ठेवा,” म्हणून मी फोन आपटला. आपटल्यावर लक्षात आलं, सात महिन्यांनी मी मराठीत भांडले होते. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या शुक्रवारी विमान उडालं.

एल्सीने या वेळी आकडा हळू आवाजात सांगितला, कारण माझा चेहरा बघवत नव्हता. आम्ही सहा प्रवासी. कॅप्टन रोझ ही साठीला आलेली, करड्या वेणीची बाई, आणि तिच्या शेजारची खुर्ची सामानाने भरलेली. मधे दार-पडदा काही नाही. मी तिच्या अगदी मागे, मांडीवर डबा घेऊन.

“हॅरीची पाहुणी?” तिने मागे वळून विचारलं.

मी मान हलवली. या भागात मिरजेपेक्षा जास्त चौकशा चालतात.

तासाभराने खाली काहीच दिसेना. आमच्या वर लख्ख चांदण्या आणि खाली पिंजलेल्या कापसासारखा नुसता पांढरा थर. केप डनिंग त्या थराखाली होतं. रोझने रेडिओ उघडला, आणि तो समोरच्या स्पीकरवर असल्याने आम्हा सगळ्यांना ऐकू येऊ लागलं.

“केप डनिंग, हवा सांग.”

“ढगांचा तळ दोनशे फूट. दिसतंय अर्ध्या मैलापर्यंत. हलकं बर्फ.” तोच आवाज.

“मला चारशे लागतात, हॅरी.”

“माहीत आहे.”

“सकाळी निघताना सातशे म्हणालास.”

“तेव्हा सातशे होते.”

रोझने विमान वळवलं. “माझ्याकडे थोडा वेळ फिरण्याइतकं इंधन आहे. तुझी पाहुणी माझ्या मागे बसली आहे, डबा घेऊन. पुन्हा एकदा नीट बघून ये.”

“बाहेर जाऊन बघतो,” तो म्हणाला.

आम्ही त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत बसलो. विमानात सगळ्यांना सगळं माहीत झालेलं होतं. मागच्या म्हाताऱ्याने विचारलं, डब्यात काय आहे. मी डबा उघडला. एरवी हे पोहे नवऱ्यामुलाचे, पण भुकेल्यांसमोर झाकण धरून बसायचं आपल्याकडे शोभत नाही. पाच जणांनी बोटांनी पोहे खाल्ले. रोझनेही मागे हात करून घास घेतला, आणि सुकाणू हळदीने पिवळं केलं.

रेडिओ खरखरला. तो धापा टाकत होता. “दोनशेच.”

कुणी तरी मागे “अरेरे” केलं. रोझने खांदे उडवले आणि अचानक कानांवरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “हे नियमात बसत नाही,” ती म्हणाली. “पण बोल तू त्याच्याशी. दोन फेऱ्या होईपर्यंत.”

मी तो डोक्यावर चढवला आणि माईक तोंडाशी ओढला.

“अहो राजोपाध्ये!”

“कोण?”

“कोण काय? देशिंगकर! तुमच्या डोक्यावर आहे मी!”

“हो. आवाज येतोय विमानाचा.”

“चारशे म्हणा.”

“दोनशे आहेत.”

“साडेतीनशे तरी म्हणा! उरलेल्या पन्नासाचं कॅप्टन बघून घेतील. अहो, उद्या पौष लागतोय. आज नाही उतरले तर सगळं मोडलं. मला मिरजेला जाऊन सॅन होजेच्या माणसाला हो म्हणावं लागेल. कळतंय का?”

मला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. “तुम्हाला मी नको असेन ना, तर सरळ नको म्हणा! ढगांच्या आड काय लपताय?”

“अहो, मला तुम्ही हव्या आहात,” तो म्हणाला. इतकं पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. “तुम्ही त्या दिवशी फोनवर भांडलात ना, तेव्हापासूनच. सकाळपासून दोनदा दाढी केलीय मी. गावातल्या बाईकडून टेबलक्लॉथ मागून आणलाय. पण धावपट्टीच्या टोकाला टेकडी आहे, आणि ती आत्ता इथून मला सुद्धा दिसत नाहीये. तुम्हाला बघायचंय मला, म्हणून तर परत जा म्हणतोय!”

मी माईक जरा खाली केला आणि नाक पुसलं.

“आणि एक सांगायचं होतं,” तो पुढे म्हणाला. “बायोडेटात माझी उंची पाच फूट आठ इंच लिहिली आहे. ती आईने वाढवली. मी पाच-साडेपाच आहे. तो बायोडेटा तुमच्याकडे गेल्यापासून मला ते टोचतंय. अडीच इंचांनी माझी झोप गेलीय, देशिंगकर. त्यात आणखी दोनशे फूट ढगाचे नका घालू.”

समोरच्या काचेबाहेर चंद्र नाही, सूर्य नाही, नुसत्या चांदण्या. मी माईक घट्ट धरला.

“माझंही वजन चोपन्न नाही,” मी म्हटलं.

“किती आहे?”

“एकाहत्तर.”

“सामानासकट?”

“सामानाशिवाय.”

“बरं,” तो म्हणाला. ज्या आवाजात त्याने दोनशे फूट सांगितले होते, अगदी त्याच आवाजात. जे आहे ते आहे, नोंद झाली.

तेवढ्यात रेडिओवर तिसराच पुरुषी आवाज घुसला. कुठल्या तरी दूरच्या मालवाहू विमानाचा पायलट होता, मघापासून ऐकत असलेला. “तुमची भाषा समजत नाही, पण बाई, त्याला हो म्हणा आणि मोकळ्या व्हा. मला माझं हवामान विचारायचंय!”

रोझने हसत हसत विमान मागे फिरवलं. रिकामा डबा मांडीवर घेऊन मी फोर्ट एल्स्बीला परत आले.

आत्या फोनपाशी टपलेलीच होती. “बघितलास? कसा आहे?”

“नाही बघितला. त्याच्या घरावर घिरट्या घालून परत आले.”

“घारीसारख्या? शिव शिव शिव! मोडलं म्हणजे. तीनदा आडवं आलं की देवाच्या मनात नाही समजायचं. मी सॅन होजेवाल्यांना फोन करते.”

“आत्या, थांब. त्याची उंची पाच-आठ नाहीये. पाच-साडेपाच आहे.”

“बघ! फसवलंन!”

“त्यानेच सांगितलं. आपणहून. रेडिओवर.”

“चारचौघांत?”

“चारशे कोसांत. जो कान लावेल त्याला.”

“आणि ते ढगांचं?”

“मी रडले, ओरडले, तरी दोनशेचे दोनशेच. उतरलो असतो तर टेकडीवर आपटलो असतो म्हणे.”

आत्याने आवाज खाली आणला, कारण तिचे यजमान बाहेरच्या खोलीत असणार. “आमच्या यांनी बघायला आले तेव्हा सांगितलं होतं, सिगरेटला शिवत नाही. चाळीस वर्षं धूर खातेय मी.” मग म्हणाली, “सॅन होजेचा तो मुलगा गाडी स्वतःची म्हणतोय. कुणास ठाऊक कुणाची आहे.”

“मग जाऊ का मी पुन्हा?”

“पौषात?”

“सूर्य उगवतोय इकडे जानेवारीत. बरोबर संक्रांतीला.”

“पौष, आणि त्यात संक्रांत! लोक शेण घालतील तोंडात.” मग एक मोठा उसासा. “जा. पण कुणाला सांगू नकोस. आणि हे बघ वैजे, दिवेलागणीच्या आत हं!”

संक्रांतीच्या दिवशी एल्सीने मला काट्यावर घेतलंच नाही. “पाठ आहे आता,” म्हणाली. केप डनिंगचं आभाळ स्वच्छ होतं, तसा एच. आर.चा कागदच आला होता. विमान सरळ उतरलं, आणि उतरताना दूर समुद्राच्या बर्फावर सूर्याची केशरी कड वर आली. दीड महिन्यानंतरचा पहिला सूर्य. रोझने टोपी काढली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले, आत्याच्या वतीने.

तो धावपट्टीशेजारी उभा होता. जाड कोट, केसाळ टोपी, मफलरवर दहिवर, नुसते डोळे दिसत होते. बायोडेटातल्या फोटोतही तेवढंच दिसत होतं.

“चला आत,” तो म्हणाला. “घाई करा. सूर्य जास्त वेळ नाहीये.”

“तुम्हाला कुणी सांगितलं दिवेलागणीचं?”

“तुमच्या आत्याबाईंनी. काल फोन आला होता. वीस मिनिटं मला सूर्याचीच माहिती विचारत होत्या.”

आत टेबलावर तो मागून आणलेला टेबलक्लॉथ होता आणि पोहे होते. त्याने स्वतः केलेले. मी पहिला घास घेतला आणि थांबले.

“यात कांदा नाही?”

“गावातच नाही. तीन आठवडे विमान उतरलं नाही ना.”

“ते कुणामुळे?”

“माझ्यामुळे,” तो म्हणाला. “दुकानदार बोलत नाही माझ्याशी.”

कांद्याविना कांदेपोहे मी सगळे खाल्ले. मग त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याला म्हटलं, टोपी काढा, बूट काढा, आणि उभे राहा भिंतीशी. तो निमूटपणे उभा राहिला. मी त्याच्या शेजारी उभी राहून माझ्या खांद्याशी त्याचा खांदा लावून बघितला.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याच. मिरजेत मध्यरात्र उलटून गेली होती, पण ती जागी होती.

“झालं का? सूर्य आहे का अजून?”

“आहे. अर्धा.”

“बघितलास ना नीट? कसा आहे? सांग पटकन!”

तो माझ्याकडे बघत मोजे घालून उभा होता.

“बुटका आहे, आत्या.”

“अगं बाई! मग?”

“मग काय? त्याने सांगितलं होतं तेवढाच आहे.”